आमच्या घरातले कामाचे पाय

परवा रविवारी सकाळी लातूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत एक गंमत झाली. मी डोळे उघडले तर श्रावणी माझ्याआधी उठून पोह्यांसाठी कांदा चिरत बसलेली... आणि तिच्या गादीवरची चादर रात्री अंथरली तशीच सरळ!

ज्यांच्या घरी अकरावीचं लेकरू आहे त्यांना आधी उठण्यातली गंमत लगेच कळेल. चादरीची मात्र सांगावी लागेल.

श्रावणी माझी मुलगी. तिला डॉक्टर व्हायचंय म्हणून दहावीनंतर लातूरला क्लास लावला, आणि इथल्या कितीतरी आयांसारखी मीही कुकर, शेगडी आणि दोन गाद्या घेऊन तिच्यासोबत राहायला आले. नवरा शिक्षक आहे. तो आणि सासूबाई मुखेडला असतात.

दिवाळीनंतर पोरगी क्लासमध्ये डुलक्या घ्यायला लागली. सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं, मार्क घसरले, आणि सकाळी तिला उठवणं म्हणजे रोजचं महाभारत. शेजारच्या काकूंचं निदान मोबाइल, माझं निदान आळस... मोबाइल काढून घेतला, आणि अभ्यासाला जागता यावं म्हणून जेवणानंतर कडक चहाचा थर्मास भरून ठेवायला लागले.

आमच्या गल्लीत सगळ्याच आया असा थर्मास भरतात. कुणाच्या खिडकीतला लाइट उशिरापर्यंत चालू होता यावर सकाळी नळावर चर्चा होते... हसू नका, मीही त्यात हिरिरीने भाग घ्यायचे.

पण लाइट बंद झाल्यावर श्रावणीला झोपच यायची नाही. पायात काहीतरी वळवळतंय म्हणायची, पाय झटकायची, उठून फेऱ्या मारायची. सकाळी चादरीचा नुसता पिळा झालेला असायचा.

तुम्ही म्हणाल, मग डॉक्टरला का नाही दाखवलं? कारण आमच्या घराण्यात हे नवीन नाही हो! सासूबाई रोज रात्री जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना करकचून बांधून झोपतात. नणंदेचंही तेच.

आणि घरात याचं केवढं कौतुक! "आमच्या घरच्या बायांच्या पायाला दम न्हाई. कामाचे पाय हायेत ते, बसून कसे ऱ्हातील?" असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात. सुट्टीत त्यांनीच नातीला ओढणी फाडून पट्ट्या बांधायला शिकवलं. घराण्याचा दागिना द्यावा इतक्या हौसेने...

संक्रांतीच्या सुमारास एक दिवस श्रावणी जेवताना शांतपणे म्हणाली, "मम्मी, मला नाही जमणार. मी ढ आहे. आपण परत जाऊ." लहानपणी गोठ्यातल्या वासराच्या पायाला चिंध्या बांधून 'ऑपरेशन' करणारी ही पोरगी... मी ताट तसंच ठेवून उठले.

नवऱ्याला फोन केला. "तिला झेपंना तर घेऊन येतो. नांदेडला बी कॉलेजं हायेत," तो म्हणाला. सामान न्यायला एक पिकअपही सांगून ठेवला.

निघण्याआधी पोरीला एखादं टॉनिक तरी घ्यावं म्हणून इथल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मी मोबाइल, आळस, सगळी कहाणी सांगितली. बाई ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष श्रावणीच्या पायाकडे. तो स्टुलावर बसल्यापासून हलतच होता.

त्यांनी तिलाच विचारलं, "पाय सारखे हलवावेसे वाटतात का? रात्री जास्त? चाललं की बरं वाटतं?"

श्रावणी रडायलाच लागली. "हो... पण आमच्या घरी सगळ्यांनाच असतं." बाई म्हणाल्या, "म्हणून तर विचारतेय."

तर या त्रासाला चक्क नाव आहे. रेस्टलेस लेग्ज! घराण्यात चालत येऊ शकतो, आणि शरीरातला लोहाचा साठा कमी झाला की बळावतो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक, पण साठा अगदी तळाला गेलेला.

आणि चहा? तो झोपही उडवतो आणि जेवणातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. म्हणजे माझा तो थर्मास... असो. तो त्याच दिवशी माळ्यावर गेला. बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, झोपायची-उठायची वेळ बांधून दिली. (गोळ्या मनाने आणून देऊ नका हं, आधी तपासून घ्या.)

परत येताना रिक्षात श्रावणीने हळूच विचारलं, "म्हणजे मी ढ नाहीये?" मला इतकं रडू आलं की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. पिकअप रद्द केला.

लगेच काही जादू झाली नाही. काही आठवडे गेले... आधी फेऱ्या कमी झाल्या, मग डुलक्या थांबल्या, आणि परवा ती चादर! मी तिचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. बिचारा विचारतोय, नवीन घेतली का?

मग सासूबाईंना फोन लावला. मध्यंतरी नवऱ्याने त्यांनाही मुखेडला डॉक्टरकडे नेलं होतं, त्यांचेही उपचार चालू आहेत. त्यांनाही चादरीचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मला बी आता लई बरं हाय गं. आजवर वाटायचं माझेच पाय वंगाळ... लोकानं हसू नये म्हणून कामाचे पाय म्हणायची."

एवढी वर्षं मी त्याला कौतुक समजत होते. त्या डॉक्टर बाईंनी माझ्या पोरीला वेळेत विचारलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"मग आता पट्ट्या?" मी विचारलं. "त्यांची पायपुसणी करायलेय," सासूबाई म्हणाल्या.

एक लातूरला पाठवा म्हटलं... आमच्या खोलीच्या दारात टाकायचंय.