एक-तीन-चार-दोनवाले फोरमन

फोरमन एका जागी कधी बसत नसत. बिरवाडीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकांसाठी तिथे दोन खुर्च्या होत्या, पण त्यांना टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने, भाकरी हातात घेऊन फेऱ्या मारत. बोलता बोलता मध्येच रस्त्यावर जाऊन एखादी गाडी गेली तिचा आवाज ऐकून येत आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे चालू करत. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांना ताप आला तरी ताप ह्यांच्या मागनं धावतो."

तरुणपणी एका ट्रकवाल्याच्या वर्कशॉपला ते फोरमन होते. ते वर्कशॉप बंद पडलं, नाव मात्र राहिलं. चालक लोक पाठीमागे त्यांना 'एक-तीन-चार-दोन' म्हणत, कारण नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न तोच असे: "तुझ्या गाडीची फायरिंग काय?" म्हणजे इंजिनाची चार सिलिंडरं कुठल्या क्रमाने पेटतात. ज्याला सांगता येत नसे त्याला ते म्हणत, "बायकोचं नाव ठावं हाय का रे?"

मलाही सांगता आलं नव्हतं. मी पोलादपूरची. आमच्या ह्यांची पाठ गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी घातली, तेव्हा पिकअप मी हातात घेतली. महाडच्या बाजारातून भाजीपाला भरायचा आणि उमरठच्या बाजूच्या दुकानांना पोचवायचा. बाईच्या हातात गाडी म्हणून दोन दुकानदारांनी आधीच माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती. उरलेले माझी एखादी खेप चुकण्याची वाटच बघत होते. अशात पंपाचं काम निघालं. महाडच्या एका गॅरेजात ते करून घेतलं, पंपाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळ्याही नव्या बसवल्या, आणि त्या दिवसापासून गाडी हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. मागून पांढरा धूर, चढावर जीव नाही. दोघा मेकॅनिकांनी सांगितलं, पंपच बदला. तिसऱ्याने फोरमनकडे पाठवलं.

फोरमननी बोनेट उघडायच्या आधी गाडीभोवती चार-पाच चकरा मारल्या. मग माझ्या हातात पाना दिला. मी म्हटलं, "मला नाही येत." ते म्हणाले, "गाडी तुझी हाय ना गो? मग हात तुझा लागूदे. इंजिन चालू ठेव आणि एकेका नळीचा नट जरा सैल कर. आवाज ऐक."

पहिल्या सिलिंडरचा नट सैल केला तसं इंजिन मरायलाच टेकलं. पुन्हा आवळला. दुसऱ्याचा सैल केला, काहीच फरक नाही. तिसऱ्याचाही नाही. चौथ्याला पुन्हा इंजिन गचकलं.

"काय समजलं?"

"दोन आणि तीन काम करत नाहीत."

"नट सैल केल्यावर डिझेल उडालं का?"

उडालं होतं. माझी ओढणी भिजली होती.

"मग पंप वाईट कसा? डिझेल येतंय. पण चुकीच्या वेळेला येतंय." त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, खडूने सिलिंडरांवर आकडे घातले आणि पंपापासून एकेका नळीवरून माझं बोट फिरवलं. पंपाला गोलात चार तोंडं होती. त्या गोलात एक-तीन-चार-दोन असं जायला हवं होतं. आमच्या गाडीत एक-दोन-चार-तीन लागलं होतं. कुणीतरी गोल उलट्या बाजूने मोजला होता. जुन्या नळ्या आपापल्या जागीच बसल्या असत्या, पण ह्या नव्या, हाताने वाकवलेल्या होत्या, चुकीच्या जागीही बसल्या.

मी विचारलं, "सरळ एक-दोन-तीन-चार का नाही पेटत?"

ते दारापर्यंत गेले, परत आले. "एका टोकापासून ओळीनं दणके बसत गेले तर आतला दांडा एका अंगानं मार खातो. म्हणून वाटून घ्यायचं. क्रमानं उभं राहायचं वेगळं, पाळीनं काम करायचं वेगळं."

आता पाच मिनिटांत ते नळ्या बदलून देतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "पंप कुठं केलास?" मी गॅरेजचं नाव सांगितलं. फोरमन बाहेर गेले. ह्या वेळी लवकर आले नाहीत. आले ते चपला घालून. "चल. गाडी तशीच महाडला घे."

वाटेत त्यांनी सांगितलं की ते गॅरेज त्यांच्या मुलाचं, संजयचं आहे. बापाची घाई, बापाचं ओरडणं सोसेना म्हणून सहा वर्षांपूर्वी तो वेगळा झाला होता. सणासुदीला घरी यायचा, पण कामाचा विषय दोघेही काढत नसत.

संजयच्या गॅरेजात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती. फोरमन उभ्या उभ्याच म्हणाले, "संजा, हिच्या दोन-तीनच्या नळ्या उलट्या लागल्यात."

संजयचा चेहरा उतरला. "अण्णा, आत चला. सगळ्यांसमोर कशाला?"

"घाटात गाडी बंद पडते ती पण सगळ्यांसमोरच पडते." मग त्यांचा आवाज खाली आला. "चूक तुझी नाय. तुला मी ज्या इंजिनावर शिकवला त्याची फायरिंग एक-दोन-चार-तीन होती. दुसरी पण असते, पंप कुठल्या बाजूला फिरतो ते बघून नळ्या लावायच्या, हे दाखवायला मी कधी थांबलोच नाय. निम्मं सांगून पळालो."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. संजयने फडक्याला हात पुसले, माझ्या गाडीच्या नळ्या सोडल्या, बदलून लावल्या. गाडी एका चावीत शांत चालू झाली. फोरमन निघाले तसा तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "निम्मं राहिलंय म्हणता, तर आता थांबा की." आणि कोपऱ्यातला एक जुना पंप उचलून त्याने टेबलावर ठेवला.

मी माल भरायला गेले. अंधार पडायच्या सुमारास परतताना पाहिलं, दोघे त्या टेबलावर वाकलेले होते. फोरमन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, पण तिथेच होते.

त्यानंतर अधूनमधून ते माझ्या गाडीत चढत. कुठे जायचं नसे. वरंधपर्यंत जाऊन येऊ म्हणत. चढाला लागलं की मला गप्प करत आणि कुठल्या सिलिंडरचा आवाज कसा येतो ते विचारत. चुकलं तर रागावत, बरोबर आलं तर खिडकीबाहेर बघत. हळूहळू मला इंजिन कळायला लागलं. गेलेल्या दोन दुकानदारांपैकी एक परत आला.

मग त्यांचा एक कान गेला. बायको वारली, छातीचं दुखणं निघालं आणि मुलगी त्यांना कल्याणला घेऊन गेली. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं कसं होत असेल ह्या विचाराने मलाच चैन पडेना. पण आठवड्यातून एकदा फोन यायचा. "गाडी चालू कर. फोन इंजिनापाशी धर." मी धरायची. ते ऐकायचे, काहीतरी सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं.

गेल्या थंडीत म्हणाले, "तीन नंबर उशिरा पेटतोय." मला तसं वाटत नव्हतं. तरी माल उतरवून चारही सिलिंडरं तपासली. सगळी ठीक होती. संजयला दाखवली. तो म्हणाला, "वहिनी, अण्णांना आता नीट ऐकू येत नाही. दुरुस्त केली म्हणून सांगून टाका."

तसं सांगणं सोपं होतं. दोन दिवस मी तळ्यात-मळ्यात होते. शेवटी फोन लावला. "फोरमन, तीन बरोबर पेटतोय. मी चारही तपासले."

"मी सांगतोय ना उशिरा हाय म्हणून."

"तुम्ही सांगताय. पण नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला दुखावलं. पुढच्या आठवड्यात फोन आला नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात आला तो संजयचा. फोरमन सकाळीच गेले होते.

दिवसकार्याला त्यांची मुलगी भेटली. मी चाचरत तिला त्या फोनबद्दल विचारलं, फार रागावले होते का म्हणून. ती म्हणाली, "रागावले? दिवसभर घरात फिरत होते आणि येईल त्याला सांगत होते, ती पोलादपूरची बाय आता माझं पण ऐकत नाय, इंजिनाचं ऐकते."