बोंडअळीच्या पतंगाचं लग्न

"याडी, सापळे कुठी गेले?"

"काढले."

"काहून?"

"पाप लागते, सायेब."

मी बांधावरच मटकन बसलो. दुसऱ्या दिवशी यवतमाळहून मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि बाभुळगाव तालुक्यातल्या त्या बंजारा तांड्यावर एकाही शेतात सापळा उरला नव्हता. मी तेव्हा कृषी पर्यवेक्षक होतो. याडी म्हणजे तांड्याच्या नायकाची, म्हणजे प्रमुखाची, बायको. याडीचा अर्थ आई, आणि अख्खा तांडा तिला तसंच म्हणायचा. तिनं काढले म्हणजे सगळ्यांनी काढले.

आधी सापळा काय ते सांगतो. गुलाबी बोंडअळीनं आदल्या हंगामात कापसाची पार वाट लावली होती. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. याच अळीचा पुढे पतंग होतो. मादीच्या वासावर नर येतो. आम्ही तोच वास भरलेली रबरी गोळी शेतात टांगतो, खाली प्लास्टिकची पिशवी. नर येतो, पिशवीत पडतो, मरतो. मादी एकटी राहते, नवी अळी होत नाही. याला म्हणतात कामगंध सापळा. नाव ठेवणाऱ्यानं अर्धा घोळ तिथंच करून ठेवला.

उरलेला अर्धा वैरागडे सरांनी केला. वरून ऑर्डर आली होती, जनजागृतीसाठी पथनाट्य बसवा. आमच्या ओळखीत लिहिणारा माणूस एकच. सर कॉलेजात इंग्रजी कविता शिकवायचे, त्यातही रोमँटिक. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची ती कविता, जिच्यात कवी दरीकाठी उभा राहून उसासे टाकतो आणि प्रेयसी काही केल्या मिळत नाही. सरांनी ती नुसती शिकवली नाही, अंगात भिनवून घेतली. केस खांद्यापर्यंत, आणि यवतमाळच्या मे महिन्यातही गळ्यात मफलर! एकदा मी त्यांना डोमकळी दाखवली. अळीनं आतून पाकळ्या शिवून टाकल्या की फूल उमलत नाही, त्याला डोमकळी म्हणतात. सरांच्या डोळ्यांत पाणी.

"अहो, ही न उमललेली प्रीती!"

"सर, तोडून जाळायची असते ती," मी म्हटलं.

आदल्या रात्री तांड्यावर नाटक झालं, त्यात सर स्वतःच पतंग झाले. पंखांना बायकोची गुलाबी साडी. पतंग खरं तर मातकट असतो, पण ऐकतं कोण! अर्धा तास प्रेयसीला शोधत फिरले. मग सापळ्यात शिरून "प्रिये, तुझा गंध आहे, तू कुठे आहेस?" म्हणाले आणि असे झोकात मेले की बायांनी पदर डोळ्याला लावले. मला वाटलं, कार्यक्रम हिट झाला. सकाळी ही बातमी.

"तुमी त्याले बाईचा वास दावता अन् बाई देतच नाही," याडी तावातावानं बोलत होती. "अशी फसवणूक सोयरिकीतबी कोणी करत नाही!"

"अवं, तो तुमचा कापूस खाऊन राह्यला!"

"तो कुठी खाते? तो तं रडूनच राह्यला होता."

माझं डोकं फिरलं. सरांना फोन लावला. "सर, दुसरा अंक लिहा. त्याचं लग्न लावा, पोरंबाळं कापूस फस्त करताना दाखवा."

"लग्न?" सर दुखावले. "रोमँटिक नायकाचं लग्न होत नसतं, साहेब. मिलन झालं की काव्य संपलं."

"अन् नाटकात नाही लावलं तर कापूस संपते! वरून माझं प्रमोशनही. या मुकाट्यानं."

सर आले. कापसाचं नावही काढलं नाही. याडीसमोर बसून मफलर सावरत म्हणाले, "तुम्ही सापळे काढलेत. आता त्या बिचाऱ्यानं जायचं कुठे? प्रेयसी नव्हतीच, तिचा गंधही नेलात. निदान तिच्या ओढीनं मरू तरी द्या त्याला."

याडीनं पदर सावरला. मग म्हणाली, "म्हंजे आमीच त्याच्या आड आलो?"

"होय."

संध्याकाळपर्यंत सगळे सापळे पुन्हा टांगलेले.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. प्रत्येक सापळ्याला हळद लावलेली, वर झेंडूचं फूल. याडीच्या शेतात बाया घोळक्यानं ढावलो म्हणत होत्या. तांड्यावर पोरगी सासरी निघाली की म्हणतात ते रडगाणं.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"लोकसहभाग, सर," मी म्हटलं.

"लगन लावलं त्याचं," याडीनं सांगून टाकलं. "आता खुशाल मरू द्या."

साहेबांनी पिशवीत वाकून पाहिलं. पतंगांचा खच! खूश झाले, फोटो काढून घेतला. माझ्यासोबत आलेले वैरागडे सर मात्र पांढरे पडले.

"माझ्या नायकाचं लग्न?"

"मंग काय कुवाराच मारता, मास्तर?" याडी कडाडली.

त्या हंगामात तांड्याचा कापूस बऱ्यापैकी वाचला, मला प्रमोशन मिळालं. सर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नोकरीत मी एवढं शिकलो की माणसांनी सापळा टांगला ना, मग का टांगला ते विचारत बसू नये.