ड वर्गातल्या ओव्या

रविवारी चहा झाला की बाबुराव ओव्हाळ जेवणाच्या टेबलावर जुना पंचा पसरत आणि त्यावर लॅपटॉप ठेवत. चार्जर काढून मऊ ब्रशने हवेच्या जाळीतली धूळ झाडायची, स्क्रीन कोरड्या कापडाने पुसायची, मग मशीन सुरू करून अपडेट पाहायचे, आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करायचे. लॅपटॉप नातीचा, पायलचा. नोकरी लागल्यावर तिने नवा घेतला, हडपसरला राहायला गेली आणि हा आजोबांना दिला. तिच्याकडे असताना तो सुरू होईपर्यंत मॅगी शिजून व्हायची. आजोबांकडे तो चटकन सुरू होऊ लागला. कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीतले निवृत्त लोक आपापले लॅपटॉप घेऊन सल्ला विचारायला येत. "आधी कीबोर्डमधलं फरसाण काढा, मग बोलू," असं बाबुराव सांगत.

साफसफाईचा शेवटचा भाग फायलींचा. ती नोकरीतली सवय. एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ म्हणजे कायम जतन करायचा, ड म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचा. लॅपटॉपवरही त्यांनी अ, ब, क, ड असे फोल्डर केले. घराची कागदपत्रं, पेन्शनचे आदेश, जातीचे दाखले अ मध्ये. विजेची बिलं क मध्ये. ज्याला धड नाव नाही, विषय नाही, ते ड मध्ये. वर्ष झालं की ड रिकामा, आणि पाठोपाठ रिसायकल बिनही.

कार्यालयात फाईल उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी नष्ट होऊ दिली नव्हती. घरी तो नियम त्यांनी पाळला नाही. 'रेकॉर्डिंग' एवढंच नाव असलेल्या काही फायली होत्या. पायलच्या कॉलेजच्या असतील, असं धरून त्यांनी त्या ड मध्ये टाकल्या आणि वर्ष झाल्यावर नष्ट केल्या.

त्या त्यांच्या पत्नीच्या, चंद्रभागाबाईंच्या होत्या. लॉकडाऊनमध्ये पायलने आजीला स्वयंपाकघरात बसवून जात्यावरच्या ओव्या या लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या होत्या. चंद्रभागाबाईंना त्या त्यांच्या आईकडून मिळालेल्या. पुढे चंद्रभागाबाई गेल्या. लॅपटॉप आजोबांना देताना पायलने स्वतःचं सगळं काढून घेतलं, ओव्या मात्र प्रत न काढता तिथेच ठेवल्या. आजीचा आवाज आजीच्या घरात राहावा, असं तिला वाटलं. आजोबांना ते माहीत असणारच, असंही तिने धरलं.

यंदा चंद्रभागाबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाच्या, आधी तिचा फोन आला.

"आजोबा, वंदना झाली की आजीच्या ओव्या लावू. लॅपटॉप चार्ज करून ठेवा."

"कुठल्या ओव्या?"

"अहो, त्यातच आहेत. रेकॉर्डिंग नावाच्या फायली."

बाबुरावांनी फोन तसाच धरून लॅपटॉप उघडला आणि ड फोल्डर पाहिला. पायलने दोनदा हॅलो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना कोथरूडला केदारच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. केदारने मशीन तपासलं.

"काका, जुनी हार्ड डिस्क काढून ही नवी एसएसडी कोणी घातली?"

"मीच घालून घेतली. वेग वाढतो."

"वाढतो ना. पण जुन्या डिस्कवर डिलीट केलेलं बरेच दिवस पडून असायचं, शोधून काढता यायचं. ही मागचं स्वतःच साफ करत जाते. जुनी डिस्क आहे का घरी?"

"पूर्ण पुसून भंगारात दिली."

केदारने लॅपटॉप मिटला. "इतकं स्वच्छ मशीन माझ्याकडे येत नाही, काका. जरा आळस केला असतात, तर काहीतरी हाती लागलं असतं."

कार्यक्रमाच्या दिवशी वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं. पायलने नातेवाइकांना आधीच कळवलं होतं, त्यामुळे सगळे आवाजाची वाट पाहत होते. पायल काही बोलायच्या आत बाबुराव उभे राहिले.

"चंद्रभागाचा आवाज ऐकवायचा होता. तो माझ्या हातून नष्ट झाला. पायलची चूक नाही."

फुरसुंगीहून आलेल्या वेणूबाई, चंद्रभागाबाईंची धाकटी बहीण, समोरच बसल्या होत्या. "दाजी," त्या म्हणाल्या, "हपिसातली कागदं जाळून मन भरलं न्हाई व्हय?"

बाबुराव उभेच होते.

"मावशीआजी, तुम्हाला येतात का त्या ओव्या?" पायलने विचारलं.

"आईनं तिला शिकवल्या. मी तवा पाळण्यात व्हते. मला शिकवायला आई राहिली न्हाई." वेणूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बसा आता, दाजी. उभं ऱ्हाऊन काय ती येणार हाय?"

जेवणं झाली, माणसं गेली. पायल भांडी आवरत होती. बाबुराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले.

"त्यात एका ठिकाणी तुम्हीपण होतात, आजोबा," ती म्हणाली.

"मी?"

"तुम्ही इथूनच ओरडलात, 'आवाज कमी कर, बातम्या लागल्यात.' आजी म्हणाली, 'त्यांना ऐकूच जाऊ दे.' आणि पुढची ओवी तिने मुद्दाम मोठ्याने म्हटली. तुमच्यावरच होती."

"काय होती?"

पायलने हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिने आठवून पाहिलं. चाल गुणगुणली, थांबली, पुन्हा सुरू केली. चाल सगळी येत होती. शब्द येत नव्हते.