मिलिंदचा रिसीव्हर

मिलिंद आज सकाळी गेला. नागपुरात. घरात एकटाच होता.

आणि ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यात आधी हात जोडलेला इमोजी टाकला तो त्या माणसानं, ज्याच्यामुळे तो तिथे एकटा होता.

मस्कतमधले बरेच जण सकाळपासून 'किती हसतमुख माणूस' लिहून मोकळे झालेत. मला तेवढ्यावर मोकळं होता येत नाहीये.

मिलिंद आणि मी कुरुमच्या ऑफिसात शेजारी बसायचो. दोघंही पाइपिंग इंजिनिअर. राहायला तो रुवीत. वैशालीवहिनी इथल्या इंडियन स्कूलमध्ये टीचर, मुलगी प्रज्ञा त्याच शाळेत.

आमचे मॅनेजर अमेरिकेत बरीच वर्षं काढून आलेले. पाठीमागे सगळे त्यांना ह्यूस्टन म्हणायचे. येताना त्यांनी फँटसी फुटबॉलचं खूळ आणलं. अमेरिकन फुटबॉल, ज्यात पाय फारसा लागतच नाही, तो.

सीझनच्या आधी एका शुक्रवारी मदिनत सुलतान काबूस भागातल्या त्यांच्या व्हिलात ड्राफ्ट व्हायचा. पाळीपाळीने खरे खेळाडू आपापल्या टीममध्ये घ्यायचे. तिकडे अमेरिकेत ते खेळले की इकडे आपल्याला पॉइंट.

न जाऊन चालायचं नाही. आमचं अप्रेझल त्या व्हिलातच होतं असं आम्ही म्हणायचो, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मिलिंदनं या खेळाची एक मॅच धड पाहिली नव्हती. पण त्याचा एक नियम होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, ज्या टीमचा, त्याच टीमचा रिसीव्हर, म्हणजे झेलणारा, घ्यायचा. जोडीच घ्यायची.

"यानं फेकला, त्यानं झेलला, दोघंबी आपलेच. एका पासवर दोनदा पॉइंट ना बे!"

"आणि क्वार्टरबॅकचा दिवसच खराब गेला तर?"

"तर दोघं सोबत बुडतीन. काय होते?"

सगळे हसायचे. सोमवारी सकाळी स्कोअर यायचे तेव्हा मात्र बरेचदा तोच हसत असायचा.

मग तेलाचे भाव पडले.

आमचं प्रोजेक्ट गुंडाळायला घेतलं. पहिल्याच यादीत मिलिंदचं नाव. त्यानं रडगाणं गायलं नाही. मस्कतमधल्याच गाला भागातल्या एका कंपनीत दुसरी नोकरी मिळवलीसुद्धा.

फक्त एनओसी हवी होती. बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. इथे जुन्या मालकानं 'आमची हरकत नाही' असं लिहून दिलं नाही, तर देश सोडायचा आणि दोन वर्षं इथे कामाला यायचं नाही.

प्रज्ञाचं दहावीचं वर्ष. वहिनींची नोकरी इथली. एका सहीवर तिघांचं घर उभं होतं.

रविवारी मिलिंद कागद घेऊन ह्यूस्टनच्या केबिनमध्ये गेला. ड्रॉइंग्जवर सही हवी होती म्हणून मीही तिथेच होतो.

"अरे साइन तो कर देंगे यार," ह्यूस्टन म्हणाले. "पहले ट्रेड की बात कर. तेरा वो रिसीव्हर मुझे दे दे."

मोबदल्यात जो खेळाडू देत होते, तो बेंचवर बसवायच्याही लायकीचा नव्हता.

मला वाटलं, मिलिंद हसून टाळेल. त्यानं जोडी कधी तोडली नव्हती. लीगमध्ये सगळ्यांना ते माहीत होतं, आणि ह्यूस्टनना तर सगळ्यात जास्त. म्हणूनच मागितला.

मिलिंदनं खिशातून फोन काढला, उभ्या उभ्या ट्रेड मारला आणि म्हणाला, "डन सर. अब साइन?"

"कल. इन्शाल्ला."

बाहेर आल्यावर मी भडकलो. तो म्हणाला, "अबे, खेळच आहे. सही होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी डबल वसूल करतो."

उद्याचा परवा झाला. मग 'लीगल से पूछता हूँ.' मग एचआरचं दोन ओळींचं मेल: स्पर्धक कंपनीत जाणाऱ्यांना एनओसी देत नाही, पॉलिसी आहे.

पॉलिसी होती, तर रिसीव्हर कशाबद्दल घेतला? हे मी ह्यूस्टनना विचारलं.

"कम ऑन, वो तो मजाक था!"

पुढच्याच आठवड्यात तो रिसीव्हर जखमी होऊन सीझनबाहेर गेला. त्यावरही साहेब लंच टेबलवर म्हणाले, "मिलिंदने खराब माल टिका दिया." लोक हसले. तेच लोक, जे आज 'हसतमुख' लिहितायत.

मिलिंद देश सोडून गेला. वहिनी आणि प्रज्ञा इथेच राहिल्या. नागपुरात त्या वर्षी इंजिनिअरला कोण विचारत होतं? रोज व्हिडिओ कॉल लावून लेकीला गणित शिकवायचा. छातीत दुखतंय हे कॉलवर कधी बोलला नाही. आज कामवाल्या मावशींनी दार वाजवलं, तेव्हा कळलं.

शिकलेला, दुसरी नोकरी हातात असलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. त्याला कुणी शत्रूनं नाही संपवलं. मजेमजेत संपवलं. माझा संताप याचाच आहे.

दुपारी ह्यूस्टनचा मला मेसेज आला. यंदापासून लीगला मिलिंदचं नाव देणार. जिंकणाऱ्याला मिलिंदचा फोटो असलेलं सर्टिफिकेट. फॅमिलीकडून एक चांगला फोटो मिळवून दे.

वहिनी एअरपोर्टला निघायच्या तयारीत होत्या. आज त्यांना हे सांगू नये असं वाटत होतं. पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून सांगितलं.

प्रज्ञाच्या बॅगेची चेन लावता लावता त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊजी, त्या सर्टिफिकेटवर सही करणार का हो ते?"

मी फोटो पाठवलेला नाही. पाठवणार नाही. तो ग्रुप आणि ती लीग, दोन्ही सोडलंय.

मिलिंद, मित्रा, तुला शेवटचा जय भीम.