कोरडा नाखवा

पोशीरच्या झाकीर नाखवाचा टेंपो आहे. भाताची पोती नेरळला न्यायची. येताना सिमेंट, गाद्या, कधी एखादा नवरदेवसुद्धा. नाखवा म्हणजे गलबताचा कप्तान. पण झाकीरच्या पणजोबांनी दर्या सोडून इथं बैलगाडी जुंपली, तेव्हापासून घरात कुणाचा पाय होडीला लागलेला नाही. आडनाव तेवढं सोबत आलं, पाणी मागेच राहिलं. म्हणून नेरळच्या नाक्यावरच्या वाल्मिक चहावाल्यानं त्याचं नाव ठेवलं, कोरडा नाखवा. तेच पंचक्रोशीत चाललं.

झाकीर हसण्यावारी न्यायचा. आजपर्यंत.

आज मुरूडहून अख्तरुन्निसा खाला आली होती, नातवासाठी झाकीरच्या लेकीला, तस्लीमला बघायला. तिचा सासरा, नवरा, दीर, सगळे दर्यावर्दी. "नाखवांची पोरगी ना? मग बघायचीच," म्हणून म्हातारी निघालेली. लेकीचं स्थळ नुसत्या आडनावावर तरंगतंय, हे झाकीरला सकाळपासून बोचत होतं.

नाक्यावर खालाला टेंपोत पुढं बसवतो तोच वाल्मिक ओरडला, "काय रं कोरड्या नाखवा, आज पाव्हणे भरलेस?"

झाकीरनं तापल्या कानशिलांनी गाडी काढली.

"कोरडा का म्हनला रं तो?" खालानं विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. "होडीत मी कदी बसलोसुदा नाय, खाला. आमचं निस्तं नावच हाय."



रस्ता वळला. दोन्हीकडं निसवलेलं भात, आणि माथेरानवरून सुटलेला वारा. शिवारात लाट उठायची, रस्त्याशी येऊन फुटायची, मागं सरायची. खालाच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना लोंब्या कुठल्या दिसायला? दिसत होतं ते हिरवं, हलतं, डोंगरापर्यंत पसरलेलं. खड्ड्याखड्ड्यात टेंपो डुलत होता. खिडकीतून वारा आत शिरला नि तिचा पदर शिडासारखा फुगला.

"हळू घे," ती पुटपुटली. "भरती हाय."

झाकीरनं वेग कमी केला. 

घर आलं. तस्लीम दारात उभी. उतरताना खालानं दोन्ही हातांनी साडी पोटरीपर्यंत उचलली, होडीतून किनाऱ्याच्या पाण्यात उतरतात तशी. खाली धूळ होती आणि दोन कोंबड्या.

झाकीरनं हात पुढं केला. "सांभाळून, खाला. गुडघाभर पानी हाय."

"दिसतंय मला. धर नीट, नाखवा." मग दाराकडं वळून म्हणाली, "आणि चहा ठेव गं पोरी. आमच्या घरी येनारीच्या हातचा पिऊन बघू दे."