जिभलीचा निकाल

धाकट्याच्या उजव्या कानाची पाळी थोरल्याच्या दातांनी गेली, तेव्हा दोघंही चाळिशी ओलांडलेले होते. बहीण मधे पडली नसती तर कानावर भागलं नसतं. भावांनी भांडायचं आणि बहिणीनं मधे पडायचं, हे त्या घराच्या अंगवळणीच पडलेलं.

या बहिणीला बाप जिभली म्हणायचा. बापाची दारूची भट्टी होती आणि ती एकाच मालासाठी नावाजलेली: अ‍ॅबसिंथ. लोक तिला नुसतं 'हिरवी' म्हणत. दवण्याच्या जातीतला एक कडूजहर पाला, बडीशेप आणि जाळ, एवढ्यावर घर चालायचं. बाप तिन्ही पोरांच्या डोळ्यांना फडकं बांधून नाकाखाली वाट्या धरायचा. ओळखलं नाही की कानशिलात. जिभली लवकर शिकली, आणि तिच्या वाट्याच्या थपडाही भावांना मिळाल्या. थोरला मार खाऊन बापासारखा झाला. धाकटा मार चुकवायला शिकला.

पुढे चाखणं हेच तिचं काम झालं. लग्न झालं, मोडलं. या बाईच्या तोंडाला घरचं काहीच लागत नाही, अशी नवऱ्याची तक्रार. ती परतली ती थेट भट्टीतल्या आपल्या स्टुलावर. धार सुरू झाली की पहिली, विषारी धार बाजूला काढायची आणि शेवटची कुबट धार मालात पडू द्यायची नाही. तिने 'आता' म्हटलं की नळाखालचं भांडं बदलायचं. त्या क्षणी बापसुद्धा तिच्या तोंडाकडे बघायचा.

बाप गेला. भट्टी थोरल्याकडे आली आणि धाकट्याने रस्त्यापलीकडे स्वतःची घातली. हळूहळू गिऱ्हाईक तिकडे वळलं. थोरला म्हणे, चोरानं बापाची कृती पळवली. धाकटा म्हणे, माझी मी बसवलीय, जळणाऱ्यानं जळावं. कान गेला तो याच बोलाचालीत. टाके पडल्यावर नातेवाइकांनी तोड काढली: जिभलीने धाकट्याची बाटली चाखावी. कृती बापाची निघाली तर थोरल्याने धाकट्याची भट्टी फोडावी, कुणी आड येणार नाही. नाही निघाली तर थोरल्याने पुन्हा रस्ता ओलांडायचा नाही. दोघंही कबूल झाले. ती चवीत खोटं बोलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

त्या दुपारी थोरल्याच्या भट्टीत धार चालू होती, म्हणून तिथेच बसले. थोरला हातात घण घेऊन आला. शुभकार्याला रिकाम्या हातानं येऊ नये, म्हणाला.

जिभलीने बाटली उजेडाकडे धरली. रंग खरा होता, पाल्याचा, कडेला पिवळसर झुकणारा. तिने पेल्यात बोटभर ओतली आणि हुंगली. एक थेंब जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकला. मग गार पाणी, थेंब थेंब. हिरव्यात दुधी दोरे सुटले, वळवळले, आणि सगळा पेला ढगाळला. आता तिने घोट घेऊन तोंडभर फिरवला. आधी बडीशेप, मग टाळूला धरून बसणारं कडू, आणि ते विरल्यावर जिभेच्या मुळाशी एक गारवा.

गारवा पुदिन्याचा होता. वाळवलेल्या पुदिन्याचा, जाळावर नव्हे तर नंतर रंग चढवताना मुरवलेला. बापाने जन्मात पुदिना घातला नव्हता. एका तापात बापाचं नाक गेलं आणि मालाचा दर्जा उतरू लागला, तेव्हा ते त्याला सांगण्याची सोय नव्हती. सांगणाऱ्याचे दात पडले असते. जिभलीनेच गुपचूप पुदिना मुरवून माल सावरला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा हात अजून तसाच आहे. पुढे थोरल्याने तिला फक्त धारेपुरती ठेवली. पाला तो स्वतः घालायचा, भक्तिभावाने, बापाच्या मापाने, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. धाकट्याने मात्र केव्हातरी दाराआडून तिचे हात पाहिले असणार.

"दादा, हे बाबांचं नाही," ती म्हणाली.

ते खरं होतं, आणि तेवढ्यावर थांबता आलं असतं. थोरल्याचा घण खाली टेकला होता. पण धाकटा हसला.

"मी काय सांगत होतो? स्वतःच्या डोक्यानं बसवलीय. एवढं चाखते ताई, तिला तरी जमेल का अशी?"

जिभलीने पेला खाली ठेवला. "ही माझी आहे," ती म्हणाली. मग बापाचं नाक, पुदिना, ती वर्षं, सगळं सांगून टाकलं, रोजचा माल पास-नापास करायच्या आवाजात.

"बापाला नाक नव्हतं म्हणतेस?" थोरल्याने तिच्या तोंडावर ठेवून दिली. स्टूल उलटलं. तिचे दात तिच्याच जिभेत रुतले आणि तोंड रक्ताने भरलं. तिने धाकट्याकडे पाहिलं. तो उठलाच होता, पण त्याने बाटली फरशीवर आपटली आणि तिचा फुटका गळा ताईच्याच पुढ्यात धरला.

"बाहेर एक शब्द काढलास तर बघ."

कित्येक वर्षांनी दोघे भाऊ एका बाजूला उभे होते.

मग थोरल्याचं लक्ष नळाकडे गेलं. भांडं बदलायची वेळ येत होती. त्याने धारेखाली बोट धरून चाटलं आणि सवयीने तिच्याकडे पाहिलं. धाकट्यानेही पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. तोंडात रक्ताखेरीज कसलीच चव नव्हती, पण नाक शाबूत होतं.

"आता?" थोरल्याने विचारलं.

ती बोलली नाही. धाकटा म्हणाला, अजून येऊ दे. थोरला म्हणाला, तुला काय कळतंय, चोरा. त्याने भांड्याला हात घातला, धाकट्याने त्याला ढकललं. थोरल्याने त्याचं डावं मनगट धरून पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज तिला भिंतीपाशी ऐकू आला. पुढच्या क्षणी बाटलीचा गळा थोरल्याच्या मांडीत होता, आणि दोघं एकमेकांना धरून काचांवर कोसळले.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास खोलीत पसरला. शेवटची धार चांगल्या मालात पडत होती. थोरला खालून तिला हाक मारत होता, मग धाकटाही मारू लागला. जिभली उठली, बाहीने तोंड पुसलं आणि दोघांना वळसा घालून दाराबाहेर पडली.