बाहेरून लावलेली कडी

खड्डा चुकवताना कॅरॅव्हॅन उलटली, असे तुमच्या आईने तुम्हाला सांगितले असेल. तिला ते मीच फोनवर सांगितले होते. ते खोटे आहे. कॅरॅव्हॅन मी उलटवली. तेव्हा तुमचे आजोबा आत होते, दाराला बाहेरून कडी होती आणि ती कडी मी लावली होती. आता सगळे क्रमाने लिहिते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात झेंडा बांधलेले पळसाचे झाड रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधल्या हवेत दिवसभर एकमेकांवर फेकलेले दगड. माझे माहेर सावरगावचे, सासर पांढुर्ण्याचे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आजोबांचा डावा डोळा गेला. दगड माझ्या माहेरच्या बाजूने आला होता. कुणाच्या हातचा, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. माझा भाऊ दवाखान्यात डबा घेऊन आला आणि साला-जावई दोघे हसत बसले. पुढच्या पोळ्याला आजोबा एका डोळ्याने पुन्हा नदीवर हजर.

मी चाळीस वर्षे शपथा घातल्या, रडले, अबोला धरला. शेवटी कॅरॅव्हॅन बांधून घेतली. तुम्हाला ती म्हाताऱ्यांची हौस वाटते. ती फक्त त्या एका दिवसासाठी होती. आजोबांची ती दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार तुम्हाला माहीत आहेच. कोळसा खाणीतल्या एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली, लांब नाकाची, साय रंगाची. ती लांब पळवायला मिळत असेल तर हा माणूस जेवणही सोडतो. म्हणून नागपूरच्या एका वेल्डरकडून तिच्यामागे ओढता येईल अशी छोटी पत्र्याची कॅरॅव्हॅन करून घेतली. दोन बाकडी, एक शेगडी, मागच्या बाजूला दार आणि मेटॅडोरला असते तशी जाड कडी. दरवर्षी गोटमारीच्या पहाटे गाडीला कॅरॅव्हॅन जोडायची आणि सौसरवरून रामाकोन्याला नदीकाठी जाऊन राहायचे. सहा वर्षे ही युक्ती चालली.

या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. वाकायचे नाही, झटका नको, मार तर मुळीच नको, असे डॉक्टरांनी बजावले. हा डोळा गेला की अंधार. गाडी चालवायचीही मनाई होती, म्हणून मी चालवणार होते. ती गाडी मी पूर्वी चालवली होती, पण मागे कॅरॅव्हॅन लावून कधीच नाही. ओझे ओढण्याविषयीचे इंग्रजी पुस्तक मी दोनदा वाचले, पेन्सिलीने खुणा केल्या.

पहाटे गाडी सुरूच होईना. प्लग काढले, पुसले, पुन्हा बसवले. त्यात दहा वाजले. प्लग आपोआप ओले झाले होते की कुणी केले होते, हे मी अजून विचारलेले नाही. आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तोवर नदीवर आरोळ्या उठल्या होत्या. समोरून चार जण एकाला उचलून घेऊन पळत आले. दम लागला म्हणून त्यांनी त्याला आमच्या बॉनेटवर टेकवले. त्याचा ओठ नाकापर्यंत फाटला होता. कुणीतरी त्यावर देवीच्या देवळातली राख दाबली, राख लगेच लाल झाली. त्याला पुन्हा उचलून नेले तेव्हा साय रंगावर हाताचा पंजा राहिला.

तेवढ्यात आजोबांचा फोन वाजला. पलीकडच्या काठावरून माझा भाऊ ओरडत होता, मला सगळे ऐकू येत होते.

"काय जवाईबापू! पोळा तं काल झाला. आज बैल सोडतेत. तुमाले ताईनं अजून बांधूनच ठेवलं काय?"

"आलोच थांब," आजोबा म्हणाले.

"अहो!"

"तसं नाही वं. काळा चश्मा मागं राहिला. घेऊन येतो." ते उतरले आणि मागे गेले.

मी आरशात पाहिले. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या खिडकीतून ते आत दिसले, बाकड्याखाली वाकून जुना शेला ओढून काढत होते. त्याच शेल्यात ते दगड भरून नेत. मी उतरले, दार लोटले, कडी घातली, परत येऊन बसले आणि पहिला गिअर टाकला.

"अवं! पागल झाली काय? उघड! मी सांगून राहिलो, उघड!"

सौसरच्या रस्त्याला लागले तरी ते मागच्या दारावर लाथा घालतच होते. पत्र्याचा आवाज गोटमारीहून मोठा. वाटले, थकतील. मग एक मोटरसायकलवाला बाजूला आला. चाळिशीचा असेल, मागे संत्र्याच्या रिकाम्या पेट्या.

"बाई, तुमच्या डब्यात कोणी हाय!"

"माहीत आहे!"

"लाथा मारून राहिला ना तो!"

"माझा नवरा आहे!"

हा थांबवून कडी काढेल, या भीतीने मी गाडी जोरात सोडली. पुढे नाल्याच्या पुलाकडे उतार होता. ओझे मागे गेले तर कॅरॅव्हॅन शेपटी हलवू लागते, अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा. हे त्या पुस्तकात होते. त्या ओळीखाली माझीच पेन्सिल होती. आणि मागच्या दाराला खांदे मारणारा पंच्याऐंशी किलोचा माणूस हेच ते ओझे, हे माझ्या डोक्यात आले नाही.

आधी गाडीचा मागचा भाग हलका झाल्यासारखा वाटला. मग कॅरॅव्हॅनने आम्हाला डावीकडे फेकले, मग उजवीकडे, मग त्याहून जोराने डावीकडे. समोरून ट्रक हॉर्न देत येत होता. मी ब्रेक दाबला.

कॅरॅव्हॅन फिरून माझ्या बाजूला आली. तिची खिडकी मला माझ्या खांद्याशी दिसली. स्टिअरिंगने हातांना हिसका दिला, जोडणीचे लोखंड किंचाळले आणि तुटले. गाडी बाभळीत घुसून थांबली. मागे पत्रा आपटला, घासत गेला, पुन्हा आपटला. ट्रक न थांबता निघून गेला.

कॅरॅव्हॅन कुशीवर पडली होती. आत आवाज नव्हता. कडी वाकून अडकली होती, माझ्या उजव्या हाताने ती हलेना. मागून येऊन थांबलेल्या मोटरसायकलवाल्याने धोंडा उचलून तीन घाव घातले, तेव्हा दार लोंबले. आजोबा रांगत बाहेर आले. कपाळ फुटले होते आणि रक्त सरळ उजव्या डोळ्यात उतरत होते. मी पदराने पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. डोळा मिटलेला.

"उघडा."

"नाही उघडत जाय."

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी उघडला. आतला पांढरा भाग लाल झाला होता. मी हात त्यांच्यासमोर धरला.

"बोटं किती?"

ते बघत राहिले. इतका वेळ, की मोटरसायकलवाल्याने मान फिरवली.

"पाच," ते म्हणाले. "अन् अंगठा उलटा झाला तुहा."

मी पाहिले. अंगठा खरेच मनगटाकडे वळला होता. मग मी त्यांना मारले. आयुष्यात पहिल्यांदा, भर रस्त्यात, डाव्या हाताने. डोळ्यापासून लांब, छातीवर. ते हात न उचलता मार खात उभे राहिले. मोटरसायकलवाल्याने मला मागून धरले, तोवर मी मारतच होते.